ओसरीला जामीन कोण?

शलाका इंगवलेच्या हिशेबात जगात दोन प्रकारची माणसं होती. काम झालं की कळवणारी, आणि काम करणार आहोत असं कळवणारी. दुसऱ्या प्रकारची माणसं बैठकांना वेळेवर येतात, एवढाच त्यांचा उपयोग. पहिल्या प्रकारची बैठकांना फिरकतच नाहीत, म्हणून त्यांची नावं कुणाला पाठ नसतात. शलाकाला होती.

त्यांतलं सगळ्यांत वरचं नाव श्रीपाल मगदूम. मिरजेत राहणारा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ तिनं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण गेल्या नऊ वर्षांत ‘पळस’च्या तेराव्यापासून तिसाव्यापर्यंत अठरा आवृत्त्या निघाल्या आणि अठराही वेळा त्यांचं एका ओळीचं पत्र आलं होतं : ‘ओसरीवर चढवून पाहिलं. चालतं.’ चालत नसेल तर पत्र तीन पानांचं. आणि शलाकानं सहज टिपून ठेवलेली एक गंमत अशी, की सूर्य मावळल्यानंतर एकही पत्र आलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या खेपेला पत्र आलं ते असं : ‘डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, अक्षर दिसत नाही. या खेपेपासून माझं नाव काढावं. आजवर सांभाळून घेतलंत, आभारी आहे.’

“घ्या! अठरा वेळा राबायचं यांनी, आणि आभारही यांनीच मानायचे,” शलाका पडद्याकडे बघत म्हणाली.

‘पळस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम. कुठल्या कंपनीची नाही. आपापली नोकरी सांभाळून काम करणाऱ्या शे-दीडशे माणसांनी सांभाळलेली. सन २०४१मध्ये ती चाळीस लाख यंत्रांवर चालत होती, पण यांतली खरी यंत्रं थोडी. बाकी सगळा व्हर्च्युअलायझेशनचा मामला. म्हणजे एका मोठ्या खऱ्या यंत्राच्या पोटात वीस-पंचवीस खोटी यंत्रं राहतात. प्रत्येकाला वाटतं, हे घर आपल्या एकट्याचंच. चूल आपली, घड्याळ आपलं, दार आपलं. हा भ्रम नीट सांभाळणारा जो प्रोग्राम, त्याला ही मंडळी ‘यजमान’ म्हणत, आणि त्याच्याकडे उतरलेल्या सिस्टिमला ‘पाहुणा’. पाहुणा तोच असला तरी यजमान बदलला की पाहुण्याचं वागणं थोडं बदलतंच. आपलं नाही का बदलत?

म्हणून प्रत्येक आवृत्तीआधी प्रश्न यायचा : कोणत्या यजमानांकडे हा पाहुणा बिनतक्रार राहिलाच पाहिजे? त्यांची एक यादी होती. यादीतल्या एकाही यजमानाकडे अडलं, तर आवृत्ती निघायची नाही. आणि यादीत राहायचा नियम एकच : त्या यजमानाला एक जिवंत माणूस जामीन हवा. दर खेपेला स्वतःच्या हातानं चढवून बघणारा आणि खाली नाव लिहिणारा. यंत्रानं तपासलेलं धरत नसत. जामीन नाही तर जागा नाही. यादी राखणाऱ्यानं मात्र स्वतः जामीन राहायचं नाही, कारण पंगतीत वाढप्यानं बसायचं नसतं.

यादी राखायची शलाका. यादीवर चार यजमान. त्यांतला सगळ्यांत जुना, ‘ओसरी’. गेल्या चार आवृत्त्यांतल्या तीन ओसरीपायी रखडल्या होत्या. मागच्या बैठकीत शलाका वैतागून बोलून गेली होती, “एकतिसाव्या आवृत्तीचीही तारीख चुकली तर मी यादी सोडते,” आणि निमिषनं ते इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

निमिष पेडणेकर पुण्याचा. वय एकतीस. सहा वर्षांपूर्वी शलाकानंच त्याला कामाला लावलं होतं, त्यामुळे तिच्या चुका काढायचा हक्क आपल्यालाच आहे असं तो समजत असे.

“ताई, देवानंच सोडवलं,” पत्राची बातमी कळताच तो पडद्यावर उगवला. “जामीन गेला. आणि हजेरी बघितलीस? ओसरीवरची यंत्रं, गेल्या सहा महिन्यांत, शून्य. पाच नाही, दोन नाही, शून्य! आपण भुताखेतांसाठी आवृत्त्या थांबवतोय.”

“शून्य?”

“भोपळा. पुढच्या बुधवारच्या बैठकीत काढून टाकू. आणि काकांना शाल-श्रीफळ पाठवू.”

“पाठवू नको,” शलाका म्हणाली. “मी घेऊन जाते. कोल्हापूर ते मिरज काय लांब आहे?”

मगदूम काकांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. टेबलावर एक जुनं यंत्र, त्यावर क्रोशाचं झाकण. काका पाहुण्याकडे बघताना मान जरा तिरकी करायचे, कारण सरळ बघितलं तर समोरचं माणूसच नाहीसं व्हायचं.

“बसा बसा, इंगवले बाई. तुमचा चेहरा दिसत नाही, पण कान मोठे आहेत तुमचे, ते दिसतात.”

“अहो!” आतून काकू ओरडल्या.

“खरं ते सांगितलं.”

शलाका हसली. शाल पांघरून झाली, नारळ हातात ठेवून झाला. मग तिनं इतके दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. पत्रं नेहमी दिवसाउजेडी कशी काय यायची?

काकूंनीच उत्तर दिलं. “आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही बघा. आणि यांची ही तपासणी बारा-बारा तास चालायची. उशिरा बसले तर संध्याकाळी जेवायला उठायचे नाहीत, तसेच झोपायचे. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, की काय करायचं ते पहाटे चारला सुरू करा. उठवते मी.”

“म्हणजे तुम्हीही चारला उठायचात? अठरा वेळा?”

“अठरा कसल्या? बिघडलं की परत करायचे ना. पन्नास-साठ तरी झाल्या असतील. चहा कोण करणार?”

शलाकाच्या डोक्यातल्या वहीत एक पान उलटलं. नऊ वर्षं तिनं एकाच माणसाचं नाव लिहिलं होतं; तिथं दोन हवी होती.

मग ती म्हणाली, “काका, आता खरं तर जामिनाची गरजही उरलेली नाही. ओसरीवर कुणीच नाहीय. शून्य.”

काकांनी मान दुसरीकडे तिरकी केली. “शून्य कुणी मोजलं?”

“आम्हीच. यंत्रं आठवड्यातून एकदा हजेरी कळवतात.”

“आणि कळवत नसतील ती?”

“ती… नाहीत असं धरतो.”

“आमच्या एक्स्चेंजला दर बुधवारी लाइन तपासायचो,” काका सावकाश म्हणाले. “वहीत दोन रकाने. एक ‘लाइन मेली’. दुसरा ‘उत्तर नाही’. नवीन पोरं दोन्हींना एकाच रकान्यात टाकायची, की साहेब त्यांना उभं करायचे. लाइन मेली म्हणजे वायर तुटली. उत्तर नाही म्हणजे घरात माणूस आहे, पण उचलत नाही. आजारी असेल, बहिरा असेल, विहिरीवर गेला असेल. तुमचं हे शून्य कुठल्या रकान्यातलं?”

शलाकाला त्या क्षणी एक टाळ्यांचा आवाज ऐकू आला. सहा वर्षांपूर्वीच्या बैठकीतला. तिनंच तेव्हा ठराव मांडला होता : दवाखाने, पाणीपुरवठा, असली जी बंद जाळी बाहेरच्या जगाशी जोडलेली नसतात, त्यांच्या हजेरीच्या वाटेला ‘पळस’नं जाऊ नये. लोकांच्या दारात डोकावू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता तीच माणसं, त्याच टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी, शून्य दाखवत होती. ज्यांना हजेरी विचारायची नाही असं ठरवलं, त्यांनाच गैरहजर म्हणून काढून टाकायला निघाली होती.

“माझंच शून्य आहे ते,” ती म्हणाली.

“मग रिंग द्या की,” काका म्हणाले, जणू यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

रिंग द्यायची कशी, हे मिरजेहून परतताना तिला सुचलं. बंद जाळ्यातलं यंत्र बाहेर बोलू शकत नाही, पण यंत्रापुढे माणूस बसलेला असतो, आणि नव्या आवृत्तीची चाचणी-प्रत तो पेनड्राइव्हवर घालून आत नेतोच. तिनं चाचणी-प्रतीत एक बारीक बदल केला. यजमान ओसरी असेल तरच पडद्यावर दोन ओळी उमटाव्यात : ‘पुढच्या आवृत्तीपासून ओसरी यादीतून काढण्याचा विचार आहे. तुमची अडचण होणार असेल, तर फोन करा.’ खाली नंबर मगदूम काकांचा.

“माझाच द्या,” त्यांनी फोनवर हट्टानं सांगितलं होतं. “तुम्ही कामात असता. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आता माझा वाजू दे.”

निमिषला हा बदल आवडला नाही. “चाळीस लाखांच्या सिस्टिमवर एका आजोबांचा नंबर? ताई, तुला झालंय काय?”

“कान मोठे झालेत,” शलाका म्हणाली.

पहिले तीन दिवस दोनच फोन आले. एक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून आणि एक चुकून. चौथ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी दुपारी काकांनी शलाकाला फोन केला. आवाज बदललेला होता.

“कोकणातून एक मुलगी बोलतेय. मीनल केरकर. मला सगळं समजलं नाही, पण तुम्ही बोलाच. जोडून देतो.”

मीनल तालुक्याच्या एका रुग्णालयात तंत्रज्ञ होती. “जुळ्यांची खोली आमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “एकसष्ट जुळी. सगळी ओसरीवर.”

जुळी म्हणजे काय, हे शलाकाला वर्तमानपत्रापुरतं ठाऊक होतं. मीनलनं नीट सांगितलं. लहानपणापासून मधुमेह असलेल्यांच्या पोटावर आता इन्सुलिनचा पंप असतो, आणि त्या पंपाचं डोकं म्हणजे दूर रुग्णालयात चालणारं त्या माणसाचं ‘जुळं’. त्याच्या शरीराची गणितातली प्रतिकृती. याला भात चढतो किती, चालल्यावर साखर उतरते कधी, ताप आला की काय होतं, हे ते वर्षानुवर्षं शिकत जातं. दर पाच मिनिटांनी पंप विचारतो आणि जुळं सांगतं, इतकं सोड. हा संवाद आरोग्य खात्याच्या स्वतंत्र लाइनवर. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नाही.

“मग दुसऱ्या यजमानाकडे हलवा ना,” शलाका म्हणाली. “आम्ही मदत करू.”

“हलवून बघितलं, ताई. कुणाच्याच पंपाला न जोडलेलं एक सुटं जुळं हलवलं. बावचळलं. यजमान पाहुण्याला वेळ वाटून देतो ना? थोडा याला, थोडा त्याला. त्या वाटण्याची चाल प्रत्येकाची वेगळी. जुळं अकरा वर्षं शरीर शिकलं ते ओसरीच्या चालीवर. दोन्ही एकमेकांत गुंतलंय. नव्या घरी त्याला पुन्हा शिकवायचं तर चाळीस दिवस. तासातासाला रक्त तपासायचं, आणि तोवर डोस अंदाजानं.”

“कठीण आहे, पण होईल?”

मीनल हसली, पण ते हसू उसनं होतं. “साठांचं होईल. बाविसाव्या नंबरचं होणार नाही. ती सातव्या महिन्यात आहे. पोटात बाळ असताना अंदाजानं डोस देता येत नाहीत. तुम्ही आवृत्ती काढलीत की साठ दिवसांत आम्हाला जुनी तिसावी बंद करावी लागते, कायदाच आहे. आणि तिला अजून अकरा आठवडे काढायचेत.”

“तिला सांगितलंत हे?”

“मीच ती.”

मीनलनं पुढे सांगितलं, अगदी कामाच्या आवाजात, “आणखी एक. तुमची एकतिसावीची चाचणी-प्रत मी सुट्या जुळ्यावर चढवली. घड्याळ मागे पडतंय. तासाला तीन सेकंद. जुळ्यासाठी तीन सेकंद खूप झाले. यादीत राहिलो तर तुम्ही दुरुस्त कराल ना? म्हणून फोन केला. आणि त्या काकांचे आभार मानायचे होते. दर आवृत्तीखाली त्यांचं नाव वाचते. म्हटलं, कोण असतील हे मगदूम, आमच्यासाठी इतकं बघणारे?”

बुधवारची बैठक सकाळी अकराला. पाच माणसं पाच गावांतून पडद्यावर. काकांच्या वहीतले फोन एकूण चौदा झाले होते. शलाकानं ते वाचून दाखवले, मीनलचा सगळ्यांत शेवटी.

निमिष सरळच बोलला. “ताई, मला वाईट वाटतं. खरंच. पण दुसरी बाजू मांडायला कुणीतरी हवं. तिसाव्या आवृत्तीत भोक सापडलंय. चोर कधीही शिरू शकतो. एकतिसावी ते बुजवते. घड्याळ दुरुस्त करायला दहा दिवस. दहा दिवस चाळीस लाख यंत्रं उघडी ठेवायची, चौदा फोनांसाठी? त्या चाळीस लाखांतही दवाखाने आहेत. तिथल्या बायका फोन करू शकल्या नाहीत म्हणून त्या नाहीत का?”

शलाकानं त्याच्याकडे बघितलं. पोराला आपण बरं शिकवलंय, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचा थोडा रागही आला.

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली. “म्हणून विचारते. भोकाला नुसतं ठिगळ लावता येईल का? तिसावीलाच? एकतिसावीची वाट न बघता?”

“येईल. पण जुना कोड आहे, कुणाला नीट माहीत नाही.”

“तुला माहीत आहे. तूच लिहिलास.”

“चार दिवस लागतील. शनिवार-रविवार धरून.” तो थांबला. “माझ्या मेहुण्याचं लग्न आहे गं ताई रविवारी.”

“किती वाजता?”

“बाराला.”

“मग अकरापर्यंत बस. आणि फोटोत लवकर उभा राहा.”

कुणीतरी हसलं. निमिषनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “लावतो ठिगळ.”

“तर मग माझा निकाल,” शलाका म्हणाली. “एकतिसावी थांबते. दहा दिवस. आणि मागच्या वेळी मी काय बोलले होते, ते इतिवृत्तात आहे. यादी मी सोडली.”

“ताई, ते रागाच्या भरात होतं. मी गमतीनं लिहिलं होतं.”

“लिहिलेलं लिहिलेलं असतं. आजपासून यादी तुझी.”

नऊ वर्षं यादी म्हणजे शलाका, इतकं ते ठरून गेलेलं होतं. निमिषनं खाकरून घसा साफ केला. नवीन माणसाचा पहिला कारभार नियमानंच सुरू होतो. “मग पहिलाच मुद्दा. ओसरीला जामीन नाही. जामीन नाही तर दुरुस्तीही करता येत नाही. कुणी आहे?”

मीनलचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. दोन महिन्यांत ती रजेवर जाणार होती.

“मी आहे,” शलाका म्हणाली.

“तुला नाही चालत. यादी राखणाऱ्यानं…” निमिष बोलता बोलता थांबला.

“मी कुठे राखतेय?”

निमिषला हसू फुटलं. “तू हे आधीच ठरवून आली होतीस.”

“मिरजेहून येतानाच. नदीच्या पुलावर.”

दुरुस्त झालेली प्रत घेऊन शलाका दुसऱ्या आठवड्यात मगदूमांकडे शिकायला गेली. जामीन राहणं हे नुसतं बटण दाबणं नसतं, हे तिला पहिल्या तासातच कळलं. काका डोळे मिटून बसायचे आणि यंत्राच्या पंख्याच्या आवाजावरून सांगायचे, “आता डिस्क वाचतंय. आता थांबलंय. अडकलं नाही, विचार करतंय. हात लावू नका.” नऊ वर्षांत त्यांनी काय काय बिघडतं ते मनात साठवलं होतं. तिनं ते सगळं लिहून घेतलं. बारा पानं झाली.

सव्वापाचला काकूंनी ताटं मांडली. “उठा. अजून दोन तास आहेत त्याला. सूर्य थांबणार नाही.”

तिघं जेवली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कारल्याची भाजी. शलाका म्हणाली, “काकू, एक सांगायचं होतं. तुमचे आभार कुणी मानलेच नाहीत कधी. पन्नास-साठ पहाटांचे.”

“माझे कसले?” काकूंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “यंत्राशी बसले की हे मला काही विचारायचे नाहीत. चहा कुठाय, चष्मा कुठाय, काही नाही. नऊ वर्षांत तेवढेच निवांत दिवस मिळाले मला. आता यांना तुमच्या कामाला लावून ठेवा म्हणजे झालं.”

काका ऐकून न ऐकल्यासारखे आमटी ओरपत राहिले.

घड्याळ चोख निघालं. बारा तासांत एका सेकंदाचाही फरक नाही. एकतिसावी निघाली. त्यानंतर सहा दिवसांनी रुग्णालयानं सुटीच्या दिवशी खोली थांबवली आणि एकामागून एक एकसष्ट जुळी नव्या आवृत्तीवर जागी केली. बाविसावं मीनलनं शेवटी ठेवलं होतं. तेवढा वेळ ती पंप हातानं चालवत होती आणि तिचा नवरा शेजारी ग्लुकोजची बाटली घेऊन बसला होता.

संध्याकाळी काकांचा फोन आला. “जोडून देतो,” एवढंच म्हणाले आणि स्वतःही लाइनवर थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“ताई, झालं,” मीनल म्हणाली. ती हसत होती की रडत होती, काही कळत नव्हतं. “जागं झालं. मी म्हटलं, आपलंच आहे की कुणी परकं उठलंय, कसं ओळखायचं? म्हणून त्याला फसवलं. दुपारी दोन आंबोळ्या खाल्ल्या आणि नोंद मात्र केली ‘नुसती पातळ पेज घेतली’ अशी. वाट बघितली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माझा नवरा घामाघूम. पंचविसाव्या मिनिटाला पंपावर अक्षरं आली : नोंद पेजेची दिसते, शरीर तसं म्हणत नाही. पुन्हा सांगा.”

“मग?” काकांनी विचारलं.

“मग काय काका, कबूल केलं. अकरा वर्षांत एकदाही त्याच्यापुढे खोटं खपलेलं नाही.”